अक्स, आरसा आणि कॅमेरा

गेल्या उन्हाळी सुटीत आम्ही एका पेचात सापडलो. कर्जतहून सकाळची लोकल पकडून मुंबईला गेलो होतो. फोर्टात बोरा बाजारच्या बाजूला कॅमेऱ्यांची दुकाने आहेत. शाळेच्या कामासाठी मेमरी कार्ड घ्यायचे होते. दुकानदाराने कार्ड काढता काढता काचेवर एक कॅमेरा ठेवला आणि आमचे कार्डाकडे लक्ष राहिले नाही. वरचा भाग चंदेरी, अंगावर काळे चामड्यासारखे आवरण, डोक्यावर आकडे कोरलेल्या तीन गोल चकत्या. दिसायला १९८० सालातला, आतून मात्र आजचा. चकती फिरवली की बोटाला खट्ट असे जाणवते. ‘निकॉन झेड एफसी’ त्याचे नाव.

हा कॅमेरा २०२१ साली निघाला तेव्हा नुसत्या बॉडीची किंमत ८५ हजारांच्या घरात होती. त्याचा थोरला भाऊ ‘झेड एफ’ २०२३ साली आला, तो पावणेदोन लाखांच्या आसपास. लेन्स निराळी. आम्ही उर्दू शाळेतले मास्तर. एवढे पैसे म्हणजे आमच्या घरात एखाद्या मुलाच्या शिक्षणाची तरतूद. घरी येऊन विषय काढला तेव्हा पत्नीने एकच प्रश्न विचारला, “मोबाइल से फोटो नहीं निकलते क्या?”

या प्रश्नाला आम्हाला चटकन उत्तर देता आले नाही. मास्तरांची एक खोड असते. उत्तर येत नसले की ते इतिहासात शिरतात. आम्हीही शिरलो. कॅमेऱ्याचा हा जुना तोंडवळा कुठून आला, तो आमच्या मनात एवढा का भरला, आणि आमच्या या घाटपायथ्याच्या मुलखात कॅमेरा आला तरी कसा, हे शोधता शोधता जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

कमरा आणि कॅमेरा

प्रथम एका गैरसमजाची गोष्ट. आपल्या समाजातल्या लेखांत आणि व्याख्यानांत नेहमी सांगितले जाते की ‘कॅमेरा’ हा शब्द अरबी ‘कमरा’वरून आला. आम्हीही वर्गात तसे सांगत होतो. ते बरोबर नाही. ‘कॅमेरा’ हा लॅटिन शब्द, अर्थ घुमटाकार छताची खोली. आणि आपण घरात बोलतो तो ‘कमरा’ही अरबी नव्हे. पोर्तुगीजांबरोबर तो हिंदुस्थानात आला, त्याचेही मूळ लॅटिनच. म्हणजे हे दोन शब्द नात्याने भाऊ आहेत खरे, पण घर निराळे.

मात्र म्हणून मुसलमानांचा कॅमेऱ्याशी संबंध नाही असे मुळीच नाही. बसऱ्यात ९६५ साली जन्मलेल्या आणि पुढे कैरोत काम केलेल्या इब्न अल-हैसम यांनी ‘किताब अल-मनाझिर’ या ग्रंथात प्रकाशाचे शास्त्र मांडले. अंधाऱ्या जागेत बारीक छिद्रातून येणारा प्रकाश सरळ रेषेत कसा जातो, हे त्यांनी प्रयोगांनी दाखवले. खरा अभिमान इथे आहे. त्यासाठी शब्दाची खोटी वंशावळ काढण्याची गरज नाही.

१८३९ साली पॅरिसमध्ये छायाचित्रणाची पद्धत जाहीर झाली. त्यानंतर पंधरा वर्षांत, १८५४ साली, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यातले नामवंत सभासद. लखनौत अहमद अली खान यांनी १८५० च्या दशकात अवधच्या दरबारी मंडळींची छायाचित्रे काढली. त्याच शहरातले अभियंते दारोगा अब्बास अली यांनी १८७४ साली ५० छायाचित्रांचा ‘लखनौ अल्बम’ छापला. इजिप्तच्या लष्करातले मोहम्मद सादिक बे यांनी १८६१ साली मदिनेची आणि १८८० साली मक्केची छायाचित्रे काढली. ती त्या शहरांची पहिली छायाचित्रे मानली जातात. विसाव्या शतकाच्या आरंभी दिल्लीच्या चांदनी चौकातील ‘एच. ए. मिर्झा अँड सन्स’ या मुसलमान पेढीने हजची छायाचित्रे काढून आणली आणि ती घराघरांत लागली. सांगायचा मुद्दा असा की, कॅमेरा ही आपल्यावर बाहेरून लादली गेलेली वस्तू नव्हती. आपल्यातल्या माणसांनी तो फार लवकर हाती घेतला होता.

घाटातला अल्बम

आता आमच्या मुलखाकडे येऊ. कर्जतवरून पुण्याकडे जाणारी गाडी पळसदरी सोडून बोरघाट चढू लागते. हा चढ बांधण्याचे काम १८५६ साली सुरू झाले. पहिल्या कंत्राटदाराने १८५९ साली काम सोडले. ते सॉलोमन ट्रेडवेल या इंग्रजाने घेतले. इथे पोचल्यावर थोड्याच दिवसांत तो आजाराने मेला. मग त्याची विधवा ॲलिस ट्रेडवेल हिने कंत्राट आपल्याकडे ठेवले, हाताखाली अभियंते नेमले आणि काम पार पाडले. १८६३ साली घाट खुला झाला. त्यात २५ बोगदे होते. काम ऐन जोरात असताना ४० हजारांहून अधिक मजूर या डोंगरावर राबत होते. पटकी आणि तापाने त्यांतले हजारो गेले.

या ॲलिसबाईंना छायाचित्रणाचीही जाण होती. घाटाच्या कामाची छायाचित्रे त्यांनी काढली, त्यांचा अल्बम झाला. त्या काळी रूढ असलेल्या पद्धतीत काचेवर ओला मसाला लावायचा, तो ओला असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच अंधारात धुवायचा. कॅमेऱ्याबरोबर तंबू, बाटल्या आणि पाणी वाहून न्यावे लागे. त्या मानाने आमच्या हातातली ती चंदेरी पेटी म्हणजे खेळणेच.

आमच्या तालुक्यात दुसरी रेल्वे झाली ती नेरळ-माथेरानची. मुंबईच्या सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी ती १९०४ ते १९०७ या काळात बांधली, खर्च १६ लाख रुपये. बोहरा घराण्याने बांधलेली ही गाडी आज देशातल्या सर्वाधिक फोटो निघणाऱ्या गाड्यांपैकी एक असावी.

या दोन्ही रेल्वेंच्या इतिहासात नावे राहिली ती ट्रेडवेल आणि पीरभॉय यांची, आणि ती राहायलाच हवीत. पण ज्यांनी सुरुंगाची भोके पाडली, ज्यांनी रूळ डोक्यावर वाहिले, त्यांची नावे चित्राखाली आली नाहीत. त्याच सुमारास सरकारने ‘पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा ग्रंथ काढला (१८६८ ते १८७५). त्यात माणसे छापली ती जातीचा आणि जमातीचा नमुना म्हणून. कॅमेरा आपल्याकडे आला तेव्हा सामान्य माणूस त्याच्यासमोर उभा राहिला तो कुणी म्हणून नव्हे, तर काहीतरी म्हणून. ही गोष्ट आम्हाला पुढे फार उपयोगी पडली.

अक्स की तसवीर?

उर्दूत चित्रकाराला ‘मुसव्विर’ म्हणतात आणि छायाचित्रकाराला ‘अक्कास’. अक्स म्हणजे प्रतिबिंब. हा फरक नुसता शब्दांचा नाही. फोटोवरचा आपल्याकडचा सगळा वाद या दोन शब्दांत मावतो. सजीवाची तसवीर बनवणे मना आहे. पण फोटो ही बनवलेली तसवीर मानायची, की आरशातल्यासारखा पडलेला अक्स?

१९१४ पासून काही वर्षे इजिप्तचे मुफ्ती असलेले शेख मोहम्मद बखीत अल-मुतीई यांनी मत दिले की, कॅमेरा नवे काही निर्माण करत नाही, तो पडलेली सावली धरून ठेवतो. आपल्याकडे देवबंदचे मुफ्ती मोहम्मद शफी यांनी विरुद्ध मत मांडले. आरशातला अक्स माणूस हलला की जातो, फोटो मात्र राहतो, म्हणून ती तसवीरच, असा या बाजूचा युक्तिवाद. मौलाना आझादांनी १९१२ साली कलकत्त्याहून काढलेल्या ‘अल-हिलाल’मध्ये छायाचित्रे छापली जात. दोन्ही बाजूंना मोठे विद्वान होते. त्यांचा न्याय करण्याची आमची पात्रता नाही. आम्ही फक्त एवढेच नोंदवतो की, या वादाचा परिणाम आमच्यासारख्या घरांवर झाला.

आमचे नाना कर्जतला रेल्वेत खलाशी होते. घाट चढणाऱ्या गाड्यांना जादा इंजिने जोडली जात, त्या कामावर. ते फोटोला कट्टर विरोधी. साऱ्या आयुष्यात त्यांचा एकच फोटो निघाला, १९७० च्या दशकात मुघल लाइनच्या जहाजाने हजला जाताना कागदपत्रांसाठी काढला तो. आज आमच्या सर्व मावशी-मामूंच्या घरी नानांचा जो मोठा फोटो आहे, तो त्याच चिमुकल्या फोटोवरून केलेला. डोळे थोडे घाबरलेले, मान ताठ. नाना असे नव्हते, असे अम्मी म्हणतात. पण आता नाना असेच आहेत.

नानीचा तर तेवढाही नाही. त्या हजच्या आधीच गेल्या. मामूंच्या लग्नाच्या एका फोटोत त्या कडेला होत्या, कॅमेरा दिसताच तोंड फिरवलेल्या. ओढणी, कान आणि कानातला झुमका एवढेच दिसत होते.

घरचा कॅमेरा

आमच्या घरात कॅमेरा आला तो मामूंमुळे. त्याआधी ओळखीच्यांकडे कुठे कुठे ‘आगफा क्लिक थ्री’ असे. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनवलेला हा साधा काळा डबा. एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो. त्या काळी परदेशी कॅमेरा आयात करणे परवडणारे नव्हते. सरकारने १९६० साली उटीजवळ हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा कारखाना काढला आणि त्याची ‘इंदू’ फिल्म बाजारात आली. फोटो म्हणजे ईद, लग्न आणि पासपोर्ट, एवढाच मामला.

मग आखाताची वाट खुली झाली. रायगड-रत्नागिरीतले हजारो मुसलमान कुवेत, दुबई, सौदीला गेले. परतताना बॅगेत तीन वस्तू असत, टेपरेकॉर्डर, कापड आणि कॅमेरा. आमच्या मामूंनी कुवेतहून ‘याशिका एमएफ-२’ आणला. काळा प्लास्टिकचा, वर फ्लॅश. ना चकती, ना आकडे. बटण दाबायचे, बस. छत्तीस फोटोंचा रोल मामू वर्षभर पुरवत. नाना तेव्हा म्हातारे झाले होते. कॅमेरा निघाला की ते उठून ओट्यावर जाऊन बसत.

त्या याशिकाने काढलेले फोटो प्लास्टिकच्या पाकिटांच्या दोन अल्बमांत होते. २६ जुलै २००५ रोजी उल्हास नदीचे पाणी आमच्या मोहल्ल्यात शिरले. अल्बम खालच्या फळीवर होते. पाणी ओसरल्यावर आम्ही ते उन्हात वाळवले आणि हीच चूक झाली. फोटोवरचा जिलेटिनचा थर ओला असताना मऊ होतो आणि सुकताना प्लास्टिकला चिकटतो. ओढून काढले तेव्हा चेहरे प्लास्टिकवर राहिले आणि हातात पांढरा कागद आला. ओले फोटो स्वच्छ थंड पाण्यात ठेवून एक एक करून सोडवायचे असतात आणि मग कागदावर उताणे सुकवायचे असतात, हे आम्हाला पुढे कितीतरी वर्षांनी कळले. नानींचा तो झुमका त्या दिवशी गेला.

आरसा गेला, चेहरा राहिला

आता पुन्हा त्या चंदेरी कॅमेऱ्याकडे. जुन्या एसएलआर कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे एक तिरपा आरसा असे. लेन्समधून आलेले दृश्य तो वर डोळ्यापर्यंत पोचवी. बटण दाबले की आरसा टपकन उचलला जाई, तोच तो परिचित आवाज. निकॉनने १९५९ साली काढलेला ‘एफ’ हा या जातीचा गाजलेला कॅमेरा. १९८२ साली त्याच कंपनीचा ‘एफएम-२’ आला. सेकंदाच्या चार हजाराव्या भागाइतका वेग आणि तोही निव्वळ यंत्रावर. बॅटरी लागे ती फक्त प्रकाश मोजण्यापुरती. ती संपली तरी कॅमेरा चाले. वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांनी त्यावर विश्वास टाकला तो यामुळे.

त्याच्या डोक्यावरच्या चकत्या शोभेच्या नव्हत्या. वेगाची चकती फिरवली की आतली यंत्रणा खरोखर बदले. डिजिटल काळात हे काम चिप करू लागली आणि चकत्यांची गरज संपली. २००८ साली पॅनासॉनिकने आरसाच काढून टाकलेला ‘जी-१’ आणला. दृश्य थेट सेन्सरवर आणि तिथून छोट्या पडद्यावर. हाच मिररलेस, म्हणजे बिनआरशाचा कॅमेरा.

आरसा गेल्यावर कॅमेऱ्याला कोणताही आकार देता येणार होता. तेव्हा कंपन्यांनी मागे वळून पाहिले. ऑलिम्पसने १९५९ सालच्या आपल्या ‘पेन’ची आठवण काढून २००९ साली डिजिटल ‘पेन’ काढला. फुजीफिल्मचा ‘एक्स १००’ २०११ साली बाजारात आला आणि जुन्या रूपाची लाटच आली. त्याची पुढची आवृत्ती २०२४ साली निघाली तेव्हा गिऱ्हाइकांना महिनोन्‌महिने वाट पाहावी लागली. निकॉनचे झेड एफसी आणि झेड एफ हे सरळ एफएम-२ चे रूप घेऊन आले.

एक गुण आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. मास्तरांच्या दृष्टीने ही चकती म्हणजे उत्तम शैक्षणिक साधन आहे. तिच्यावर ३०, ६०, १२५, २५०, ५००, १००० असे आकडे असतात. ते सेकंदाचे अपूर्णांक. सहावीच्या मुलांना वाटते १००० म्हणजे जास्त वेळ. चकती फिरवून दाखवली की एक छेद हजार हे एक छेद तीसपेक्षा लहान, हे फळ्याशिवाय कळते.

पण त्याच वेळी दुसरी गोष्ट ध्यानात आली आणि आमच्या पेचाची गाठ सुटू लागली. हा कॅमेरा आठवण विकतो. कोणाची आठवण? एफएम-२ आमच्या घरात कधी नव्हता. मोहल्ल्यातही नव्हता. तो वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत आणि शहरातल्या हौशी श्रीमंतांकडे असे. आमची आठवण आहे ती प्लास्टिकच्या याशिकाची, ओट्यावर जाऊन बसणाऱ्या नानांची आणि फिरवलेल्या चेहऱ्याची. तिची नक्कल कोणतीही कंपनी बाजारात आणणार नाही. जो भूतकाळ आम्ही ८५ हजारांना विकत घ्यायला निघालो होतो, तो आमचा नव्हताच. आमचा जो होता तो फळीवर भिजून गेला आणि उरलेला आजही इतरांच्या फळ्यांवर पडून आहे.

निर्णय

एक विसंगती आम्हाला सारखी टोचते. १९९३ पासून मतदारांना फोटोची ओळखपत्रे मिळू लागली. २०१० साली आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात पहिले आधार क्रमांक दिले गेले. आज आपल्यातल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाचा फोटो सरकारी दप्तरात आहे. घाबरलेले डोळे, ताठ मान. घरच्या अल्बमात मात्र त्यांचा धड एक फोटो नसतो. ‘पीपल ऑफ इंडिया’पासून आधारपर्यंत दीडशे वर्षांचा प्रवास झाला, तरी आपला चेहरा दुसऱ्याच्याच वहीत. आणि आता कागद दाखवण्याचे दिवस आहेत. आजोबा या गावचे होते हे सांगायला केवळ तोंड पुरत नाही, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

तेव्हा आम्ही हिशेब मांडला. साध्या तोंडाचा, चार-पाच वर्षे वापरलेला मिररलेस कॅमेरा लेन्ससह ३५ हजारांत मिळाला. चित्राच्या दर्जात आमच्या कामापुरता काही फरक नाही. उरलेले पैसे बाजूला ठेवले आहेत ते कागदावर फोटो छापण्यासाठी. मोबाइलमधले फोटो मोबाइलबरोबर जातात, हा अनुभव आता घरोघरी आहे.

काम असे ठरवले आहे. सुटीच्या दिवशी कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या नात्यागोत्यातल्या घरी जायचे. जुने फोटो, निकाहनामे, जहाजाची तिकिटे, रेल्वेचे पास खिडकीशेजारी तिरप्या उजेडात ठेवून त्यांची नक्कल उतरवायची. मागे मऊ पेन्सिलने नाव, गाव आणि साल लिहायचे, शाईने नाही. मूळ फोटो घरच्यांना परत, सोबत एक नवी प्रत. शिवाय घरातल्या वडीलधाऱ्यांची मर्जी असेल तर त्यांचा एक फोटो, सरकारी नव्हे, आपल्या ओट्यावर बसलेला. मर्जी नसेल तर हट्ट नाही. त्यांचे नाव आणि त्यांनी सांगितलेली हकीकत वहीत उतरवायची. अक्स नसला तरी नाव राहते.

आतापर्यंत अकरा घरे झाली. चौकजवळच्या एका घरी सत्तरीच्या पुढच्या एका खालांनी फोटो काढू दिला नाही. पण पेटीतून एक पुडी काढली. आत त्यांच्या वालिदांचा, रेल्वेच्या गणवेशातला, नखाएवढा फोटो. तीस वर्षांत तो त्यांनी कुणाला दाखवला नव्हता. आम्ही नक्कल काढली आणि पोस्टकार्डाएवढी करून पुढच्या रविवारी नेऊन दिली. खाला बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “मास्टर, इनका नाम पीछे बराबर लिखा ना?”

लिहिले होते.

त्या चंदेरी कॅमेऱ्याचा मोह गेला असे आम्ही म्हणणार नाही. फोर्टात गेलो की अजून काचेपाशी थांबतो, परवानगी घेऊन चकती एकदा फिरवतो. पण पत्नीच्या प्रश्नाला आता आमच्याकडे उत्तर आहे. मोबाइलने फोटो निघतात, त्या कॅमेऱ्यानेही निघतात. ज्या फोटोमागे नाव लिहिलेले असते, तो टिकतो. वाचकांनी आपल्या घरातली खालची फळी आजच तपासावी, एवढीच विनंती.